तिसरा तुकडा

रऊफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपात चहा ओतणार होतो. फोन ठेवला आणि नकळत रिकाम्या कपावर टिचकी मारली... टण्ण. ही सवय त्यांचीच. सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ते ग्राइंडरवर, मी शेजारच्या लेथवर. नवं व्हील, म्हणजे घासायचं दगडी चाक, बसवण्याआधी ते बोटात अडकवून हत्याराच्या लाकडी मुठीनं ठोकायचे. टण्ण वाजलं तर धड. बद्द वाजलं तर आत तडा.

एका शुक्रवारी ते नमाजाला गेले आणि शहाणपणा करत मी व्हील बसवून टाकलं. न ठोकता. परतल्यावर त्यांनी स्विच दाबला आणि नेहमीसारखे बाजूला उभे राहिले. तेवढ्यात मी कोपऱ्यातला चिंधीचा बोळा आणायला स्टुलावरून उठलो. धडाम् झालं.

धूळ बसली. सगळे धडधाकट! आम्ही हसत सुटलो. फुटलेल्या व्हीलचा एक तुकडा दाराशी, दुसरा पाण्याच्या टाकीखाली सापडला. रऊफभाईंनी दोन्ही जोडून पाहिले. तिसरा हिस्सा कमी होता.

"रुका, कोणी हलू नका," ते म्हणाले. "फुटायच्या आधी व्हील एका जागी फिरत होतं, कुठं जात नव्हतं. मग तुकडे सगळे एकाच अंगाला कसे जातील? दोघांच्या जोराला तोलायला तिसरा उलट्या बाजूलाच गेला असणार."

खडूनं त्यांनी फरशीवर दोन रेघा ओढल्या, मग उलट्या दिशेनं तिसरी. ती थेट माझ्या स्टुलाकडे गेली. मागच्या पत्र्याच्या कपाटात, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, तुकडा रुतला होता. आजही ग्राइंडरचा आवाज आला की हात छातीकडे जातो.

मालकांनी विचारलं, "रऊफ, ठोकून पाहिलं होतंस ना?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "नाही साहेब. माझी चूक झाली."

त्यांना ग्राइंडरवरून काढलं. नोकरी जाईल या भीतीनं मी गप्प राहिलो, आणि मग गप्पच राहिलो... वर्षानुवर्षं.

परवा मालेगावला त्यांच्या घरी गेलो. खिडकीत तो तिसरा तुकडा होता. भाभी म्हणाल्या, "कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, सुभाषचा आहे, तो आला की द्या."

त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. फुटलेल्या कडेवर निम्म्या भागात जुन्या तड्याचा काळा डाग होता. म्हणजे तडा मी बसवण्याआधीचाच; ठोकलं असतं तर कळलं असतं, हे त्यांना त्याच दिवशी कळलेलं. मी टिचकी मारायला बोट उचललं... पण धीरच झाला नाही.