केळ्याखाली गेलेला जिल्हा

"ताई, तुमनं ते केळं जरा बाजूले सारा ना," फोनवर गोकुळनाना म्हणाले. "बठ्ठा महाराष्ट्र दिखस. फक्त आमना जिल्हा दिखत नही."

गोकुळनाना जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडचे केळीबागायतदार. त्यांची आणि धाकट्या भावाची बाग शेजारी शेजारी. दोन्ही बागांत घड भरत आलेले, कापणीला थोडे दिवस बाकी, आणि वर उन्हाळी वादळांचे दिवस. केळीला वाऱ्याइतका दुसरा वैरी नाही. भरल्या घडाचं झाड एका झोताने आडवं होतं आणि आडव्या झाडाच्या केळ्याला व्यापारी हात लावत नाही. म्हणून नाना रोज संध्याकाळी आमच्या वाहिनीवरचं हवामान बघत. मोबाईलवर रोज सतरा भविष्यं येतात, सरकारी टीव्हीवर एकच येतं, असं त्यांचं म्हणणं.

जळगावातल्या एका सरकारी टीव्ही केंद्रात मी ग्राफिक्स विभाग सांभाळते. पडद्यावर दिसणारी अक्षरं, पट्ट्या, नकाशे आणि कोपऱ्यातला लोगो हे माझं काम. त्याबद्दलच्या शिव्या माझ्याकडे येतात, सत्कार संचालकांचे होतात.

नाना ज्या केळ्याबद्दल बोलत होते ते आमच्या लोगोतलं. ते तिथे कसं आलं हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी नोकरीला लागले तेव्हा आमचा लोगो म्हणजे एक पांढरा गोल आणि आत दोन अक्षरं. कोपऱ्यात गप्प बसायचा. मग एक संचालक आले, त्यांनी गोलाला रंगीत कडं घातलं. त्यांची बदली झाली. दुसरे आले, त्यांनी कडं फिरतं केलं. बातम्यांत कुणाच्या निधनाची बातमी चालू असली तरी वर कोपऱ्यात चक्र गरगर फिरत असायचं. तिसऱ्यांच्या काळात केंद्राचा वर्धापनदिन आला आणि लोगोला सोनेरी फीत लागली. वर्धापनदिन झाला, फीत राहिली. मी ती काढायची परवानगी मागितली तर उत्तर आलं, "मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते अनावरण झालंय मॅडम. काढलं तर त्यांचा अपमान होईल."

म्हणजे आमच्याकडे लोगो बदलत नसे, साठत असे. माकडाचा माणूस होताना निदान शेपूट तरी गळून पडलं. आमच्या लोगोचं काहीच गळलं नाही.

आताच्या साहेबांना लोगोत प्रादेशिक अस्मिता हवी होती. सल्लागार समिती बसली. जळगाव म्हणजे केळं, असं ठरायला एक चहाही लागला नाही. धुळ्याचे सदस्य, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, ते उठले. "आणि आमचं काय? आम्ही काय सालं गोळा करायची?" मग धुळ्यासाठी किल्ला आला. किल्ला पारोळ्यातही आहे, म्हणून पारोळ्याच्या सदस्यांनी विचारलं, हा किल्ला नेमका कुणाचा? साहेब म्हणाले, "दोघांचा." मग मी कुणाचाच वाटणार नाही असा किल्ला काढला. अमळनेरसाठी कापसाचं बोंड आलं, मागे सातपुडा आला.

आता खरी गंमत. समितीने हा लोगो मंजूर केला तो फ्लेक्सवर. कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर दुहेरी चादरीएवढा फ्लेक्स लावला होता. त्यावर बोंडाच्या पाकळ्यासुद्धा मोजता येत होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्याच्या कोपऱ्यात हे कसं दिसेल ते टीव्हीवर बघावं, असं मी म्हणाले. "फ्लेक्सवर छान दिसतंय की," साहेब म्हणाले. पहिल्या दिवशी आप्पांचा धुळ्याहून फोन आला, किल्ला दिसत नाही. मग किल्ला दिसेपर्यंत लोगो मोठा करायचा आदेश आला. किल्ला दिसायला लागला तेव्हा केळं नानांच्या जिल्ह्यावर बसलेलं होतं.

आमच्या हवामानाच्या बातमीपत्रात निवेदिका उजवीकडे उभी राहते, नकाशा डावीकडे असतो. लोगो वर डावीकडे. आणि महाराष्ट्राच्या नकाशात वर डावीकडे कोण आहे? नंदुरबार, धुळे, जळगाव. खानदेशच्या वाहिनीवर कोकण दिसत होतं, चंद्रपूर दिसत होतं, फक्त खानदेश दिसत नव्हता. निवेदिका तोंडाने एवढंच म्हणायची की उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी वादळी वारे. इशारा कुठल्या जिल्ह्याला आणि कोणत्या रंगाचा, हे नकाशा बघूनच कळायचं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीला लागा.

मी साहेबांकडे गेले.

"लोगो हलणार नाही," साहेब म्हणाले. "नकाशा खाली सरकवा."

"खाली बातम्यांची पट्टी आहे सर. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग पट्टीखाली जातील."

"ते आपल्या कार्यक्षेत्रात येतात का?"

"नाही."

"मग झालं."

नकाशा मुंबईहून तयार येतो, तो आमच्याकडे सरकत नाही, हे मी सांगितल्यावर ते माझ्यावरच नाराज झाले. विषय समितीकडे गेला. आप्पा तावातावाने म्हणाले, "म्हणजे जळगावच्या केळ्याने धुळं झाकलं? मला आधीच शंका होती." पण लोगो लहान करू का विचारलं तर म्हणाले, "किल्ल्याला हात लावायचा नाही."

शेवटी तोडगा निघाला की लोगो पारदर्शक करावा. चित्रावर लोगो बसवणारं जे मशीन असतं त्याला कीअर म्हणतात. त्यात लोगो किती गडद आणि किती फिका हे ठरवता येतं. मी तो अर्धा फिका केला. खालचा नकाशा दिसायला लागला. साहेब खूश झाले, आप्पा खूश झाले.

केळं पिवळं होतं. आता जळगाव जिल्हा रोज पिवळा दिसायला लागला. इशारा असो नसो, आमच्या पडद्यावर जळगावला कायमचा यलो अलर्ट. चार संध्याकाळी लोकांनी आभाळाकडे पाहिलं, पाचव्या संध्याकाळी सोडून दिलं.

मग एके दिवशी मुंबईहून नकाशा आला. लोगो बसायच्या आधीचं चित्र माझ्या समोरच्या छोट्या पडद्यावर येतं, त्यावर जळगाव नारंगी होतं. शेजारी प्रसारणाचा पडदा, त्यावर जळगाव रोजच्यासारखं केळ्याखाली पिवळं. मी आधी साहेबांना फोन केला, तेवढ्या बातमीपत्रापुरता लोगो बंद करू का?

"ओळखीशिवाय प्रसारण होत नाही मॅडम. समितीपुढे ठेवू."

मग मी गोकुळनानांना फोन केला. रंग नारंगी आहे, थांबू नका, असं त्यांना सांगितलं. नानांनी दुसऱ्या दिवशी पहाटे कापणीला मजूर लावले. भावालाही सांगितलं, पण भाऊ ऐकेना. "तो माले हसना," नाना फोनवर सांगत होते. "म्हणे टीव्हीवर पिवळंच शे, तुले कोणी सांगं?" मला त्या भावाचा राग आला नाही. त्याने सरकारी टीव्हीवर विश्वास ठेवला होता, आणि तो टीव्ही मी चालवत होते.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा विचारलं. साहेब धुळ्याला एका सत्काराला गेले होते. "आल्यावर बघू," म्हणाले. बातमीपत्र सुरू झालं, नकाशा आला, आणि मी कीअरचं बटण बंद केलं. केळं, किल्ला, बोंड, फीत, चक्र, सगळं एका क्षणात गेलं. खाली जळगाव लखलखीत नारंगी. इतका स्वच्छ पडदा मी नोकरीला लागल्यापासून पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

नानांच्या भावाने तो नकाशा पाहिला आणि रातोरात मजूर शोधत फिरला. सकाळी कापणी सुरू झाली. दुपारी वारं आलं.

संध्याकाळी नानांचा फोन. "मनी बाग कापीसन निघी गई ताई. भाऊनी अर्धी वाचनी, अर्धी झोपनी." मग म्हणाले, "एक दिन पहिले दिखतं तं बठ्ठी वाचती." ते माझ्यावर चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. केंद्र एका बातमीपत्रापुरतं ओळखीविना का राहिलं, खुलासा करावा. मी खुलाशात एवढंच लिहिलं की लोगो नाही अशी तक्रार प्रेक्षकांपैकी एकानेही केलेली नाही. लोगो गेलेला अख्ख्या खानदेशात एकाच माणसाला दिसला आणि तो सत्काराच्या हॉलमधल्या टीव्हीवर.

पुढे चोपड्याहून निवेदन घेऊन बरेच बागायतदार आले, पेपरात फोटो आला, आणि साहेबांना एकदम साक्षात्कार झाला. हवामानाच्या वेळी लोगो काढायचा. ही त्यांचीच कल्पना ठरली. कल्पना म्हटली की उद्घाटन आलं. मोठ्या टीव्हीवर मखमली पडदा टाकला, पाहुण्यांनी दोरी ओढली, आणि पडद्यामागे रिकामा कोपरा निघाला. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आप्पांनी तेवढं विचारलं, "यात धुळ्याचा वाटा किती?"

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला. हा उपक्रम प्रेक्षकांना कळावा म्हणून हवामानाच्या वेळी लोगोच्या जागी पुढील मजकूर ठळक अक्षरांत दाखवावा: 'स्वच्छ पडदा, स्पष्ट हवामान: आपल्या केंद्राचा अभिनव उपक्रम.' अक्षरं किल्ल्याएवढी हवीत. मजकूर बसवून मी पडद्याकडे पाहिलं. नंदुरबार गेलं होतं, धुळं गेलं होतं, जळगाव गेलं होतं.

त्यानंतर मी वाद घातला नाही. निवेदिकेला बाजूला घेतलं आणि सांगितलं की रोज तिन्ही जिल्ह्यांची नावं आणि रंग मोठ्याने वाचत जा, दोनदा. त्याला कुणाची मंजुरी लागली नाही, कारण ऐकू येणाऱ्या गोष्टीवर लोगो कसा बसवायचा हे अजून समितीला सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कृपा करून त्यांना कळवू नका.