एका चुलीवरची माणसं तीन

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतेय आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात हसलेय. मी शाळेत गणित शिकवते. बेरीज जुळली नाही तर चूक आपलीच, असं मुलांना सांगणारी बाई मी. पण हे माझ्याच घरात घडलं... आणि ते सांगताना स्वतःबद्दल थोडं वाईट लिहावं लागणार, त्याला इलाज नाही.

आम्ही सानपाड्याला राहतो. तिसरा मजला, वन बीएचके. माझे मिस्टर प्रमोद, त्यांची तेरा वर्षांची मुलगी स्वरा आणि मी. 'त्यांची' म्हटलं, कारण स्वरा दर्शनाची. दर्शना म्हणजे प्रमोदची पहिली बायको, उरणजवळच्या मोरा गावची. आजारपणात गेली. त्यानंतर तीन वर्षांनी मी आले, साताऱ्याची, चपाती-भाकरीवाली.

मेलेल्या बाईवर कोणी जळतं का? मी जळायचे. स्वयंपाकघरातले डबे तिने लावलेल्या क्रमाने. स्वरा मला 'काकू' म्हणते. बापलेक तिच्या बोलीत काहीतरी बोलून हसायचे आणि मी आत आले की गप्प व्हायचे. फ्रीजच्या वर भिंतीला तिचा फोटो — निळी साडी, गालाला खळी. मी चपात्या लाटायचे आणि ती बघत बसायची. चांगल्या मऊ चपात्या करते हो मी, पण त्या घरात कोणी कधी एक जास्त मागून घेतली नाही.

तर झालं असं, की जनगणनेची ट्रायल आमच्या भागात घ्यायची ठरली. खऱ्या मोजणीआधीची रंगीत तालीम. आम्हा शिक्षकांची ड्युटी लागली. मोबाइलमध्ये ॲप, घरोघरी जायचं, प्रश्न विचारायचे. ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट आमच्याकडून घोटून घेतली — एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. जो त्या चुलीवरचं जेवत नाही, तो त्या घरात मोजायचा नाही.

आदल्या संध्याकाळी चहा पिताना सराव म्हणून मी प्रमोदलाच प्रश्न विचारत होते. त्यात एक प्रश्न होता, 'घरात विवाहित जोडपी किती?' त्यांनी मान वर केली, नजर फोटोकडे गेली, आणि मग म्हणाले, "एक."

दोन सेकंद लागले असतील. पण माझं डोकं फिरलं.

"एवढा विचार करावा लागला तुम्हाला?"

"अगं, टेन्शन काय घेतेस? बोललो ना एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बाहेर पडल्यावर मी स्टूल घेतलं, फोटो उतरवला आणि ओट्याखालच्या कपाटात कुकरच्या मागे ठेवून दिला, तोंड भिंतीकडे करून. मनात म्हटलं, बघ आता काय बघायचं ते! मग दाराला कुलूप लावून ड्युटीवर गेले.

स्वतःचं घर आम्हाला स्वतः मोजू देत नव्हते, म्हणून माझी बिल्डिंग वानखेडे मॅडमकडे होती. त्या अमरावतीच्या, शाळेत नव्या, माझ्याकडे कधी आलेल्या नव्हत्या. दुपारी आम्ही शाळेत जमलो तेव्हा म्हणाल्या, "तुमचं घर झालं बरं का मॅडम. नणंदबाई होत्या ना घरी. पाणीही दिलं मला."

मला नणंद नाही.

वाटलं, शेजारचं घर मोजलं असेल यांनी. पण मोबाइलमध्ये आमचाच फ्लॅट, कुटुंबप्रमुख प्रमोद, वेळ साडेअकराची. "काय काय सांगितलं तिने?" मी विचारलं. मॅडमना नकला करायची हौस, त्यांनी तिच्याच ढंगात सांगितलं.

"चूल एकच हाय. मानसं तीन. तो, पोर आनि त्याची बायको. ती शालंत शिकवते, संध्याकाली येल. मी म्हटलं, आणि ताई तुम्ही? तर म्हणाल्या, मी आता हितं जेवत नाय. मला नको धरू."

मला आदल्या संध्याकाळचा प्रश्न आठवला. "जोडपी?"

"एक. विचारायच्या आत म्हणाल्या, एकच, ती न् तो. आणि मुख्य धान्य तांदूळ. म्हणे, पोरीला सकाली गार भात लागतो, न् ही बाय रोज चपात्या लाटते!" मॅडम हसत सुटल्या. "नणंद कुठलीही असो, टोमणा ठरलेलाच. पण छान आहेत हो. हसल्या की गालाला खळी पडते."

तशीच घरी पळाले. कुलूप मी लावलं तसंच. किल्ल्या तीन — एक माझ्याकडे, एक प्रमोदच्या बॅगेत, एक स्वराच्या दप्तरात. ते ऑफिसात, ती शाळेत, दोन्हीकडे फोन करून खात्री केली. शेजारचे आठवडाभर गावी. आत टेबलावर स्टीलचा पेला होता, तळाशी घोटभर पाणी. फोटो कुकरमागेच होता, तोंड भिंतीकडे. तो तेव्हाच काढून, पुसून परत खिळ्याला लावला.

प्रमोदना सगळं सांगितलं. "मोऱ्याचं कोणी आलं असेल," म्हणाले. "कुलूप न उघडता?" मी विचारलं. ते तो पेला हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरापुढे आदल्या दिवशीचा गार भात ठेवला, वर थोडं सुकट. ती ताटाकडे बघत राहिली.

"तुला कोणी सांगितलं?"

"जनगणनेत कळलं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? तिने भात दोनदा मागून घेतला.

वानखेडे मॅडमना मी फोटो अजून दाखवलेला नाही, धीर होत नाही. कोण आलं, कसं आलं, कोणाला कळलं तर जरूर सांगा.

आणि दर्शनावर मी आजही जळते, खोटं का बोलू. तिच्या घरात, तिच्या नवऱ्याशेजारी तिने मला एका दमात मोजलं. तिच्या जागी मी असते तर माझ्या तोंडून ते 'एक' निघालंच नसतं.