अर्धा चमचा

अंबडला माझा दवाखाना नवा होता. एक आजी सुनेला आणि महिन्याभराच्या नातवाला घेऊन आल्या. थोरल्याचं सर्दीचं औषध त्यांनी धाकट्याला अर्धा चमचा पाजलं होतं. बाळ दुधालाही उठत नव्हतं. मी चिडलो.

"याचं लिव्हर अजून कच्चं आहे. औषध मोडून बाहेर टाकणं त्याला जमत नाही, ते अंगातच साठतं. थोरल्याचं लिव्हर आता जोरात चालतं. नुसतं निम्मं करून भागत नाही, आजी!"

"डाक्टर, आम्ही तर बोटानं अफू चाटवून रानात जात होतो. निजून राह्यची लेकरं."

"सगळी उठली?" मी विचारलं.

आजी सुनेच्या मांडीवरच्या बाळाचे तळवे चोळायला लागल्या.