सतराव्या टेबलावरचा चेहरा

मास्तरने उभ्या आयुष्यात एकाही वर्गाला शिकवलं नव्हतं. पोटापाण्यासाठी तो चष्म्याच्या दुकानात होता. लोकांना खुर्चीत बसवायचं आणि काचा बदलत बदलत त्यांच्या डोळ्यांचा नंबर काढायचा. मास्तर हे नाव त्याला चिकटलं ते रविवारच्या उद्योगामुळे. रविवारी तो सुपरहिरोंच्या बाहुल्यांना गुण द्यायचा. बाहुल्या म्हटलेलं त्याला अजिबात खपत नसे, ॲक्शन फिगर म्हणायचं. पण आपल्याला काही त्याच्या घरी राहायचं नाही, तेव्हा बाहुल्या म्हणायला हरकत नाही.

हौशी संग्राहक हे एक अजब प्रकरण असतं. बारा इंची वीराची वर्षभर वाट बघतात आणि तो हातात आला की खोकं न फोडता तसाच फळीवर ठेवून देतात, कारण फोडलं की त्याची किंमत उतरते. मास्तर त्यांच्या वतीने खोकं फोडायचा. घराच्या मागच्या खोलीत एक टेबल, त्यावर काळं कापड, दोन बाजूंना दोन दिवे आणि मोबाइल टेकवायला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांची चळत, एवढाच त्याचा स्टुडिओ. एकदा रेकॉर्डिंग सुरू झालं की थांबायचं नाही आणि पुन्हा घ्यायचं नाही, हा त्याचा नियम होता. "पहिल्या नजरेला दिसलं तेच खरं," हे तो प्रत्येक व्हिडिओत एकदा तरी ऐकवायचा. लोकांना ते भारी आवडायचं.

आधी तो सांधे वाकवून बघायचा, मग केपची शिवण, मग पट्ट्याचं बक्कल. चेहरा सगळ्यात शेवटी. आणि चेहऱ्यात डोळे. तिथे मात्र तो डोळ्यांत तेल घालून बसायचा. एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा केसभर खाली असलं तरी याला ते कळायचं आणि अर्धा गुण कापला जायचा. त्यानंतर तो फिगर उलटी करून बुटाच्या तळाशी कोरलेला आकडा कॅमेऱ्याला दाखवायचा. कारखान्यात चेहरा ज्या टेबलावर रंगवला जातो त्या टेबलाचा तो आकडा. दुसरं कुणी तो वाचत नसे. मास्तर मोठ्याने वाचायचा, "चेहरा रंगवला टेबल अमुकने. ज्याचं श्रेय त्याला."

ही पद्धत त्याने सुरू केली ती त्याच्या दादासाठी. दादा त्याच कारखान्यात सव्वीस वर्षं चेहरे रंगवत होता, टेबल बेचाळीस. चार केसांचा ब्रश, श्वास रोखून एक डोळा, श्वास सोडून दुसरा. वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला वाढवला तो दादानेच. कारखान्यातून बाद झालेली डोकी खिशात घालून घरी आणायचा, ओळीने मांडायचा आणि विचारायचा, "बारक्या, सांग, यातलं कोण आपल्याकडे बघत नाहीये?" बारक्या चुकीचं सांगायचा, मग बरोबर सांगायचा, मग दादाच्या आधी सांगायला लागला. चॅनेलवरचा पहिला व्हिडिओ दादाने रंगवलेल्या चेहऱ्याचाच होता. दहापैकी दहा. त्या दिवशी वहिनीने तो सात वेळा बघितला.

तेव्हा मास्तर दर रविवारी दादाकडे जेवायला जायचा. पुढे चॅनेल वाढलं, कारखाना स्वतःहून नवे नग पाठवू लागला, आणि रविवार शूटिंगमध्ये जायला लागला. पुढच्या रविवारी नक्की, असं तो फोनवर सांगायचा. सांगताना त्याला ते खरंच वाटायचं, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

अकरा महिन्यांपूर्वी कारखान्यातून वादळवीर आला. खास आवृत्ती, कापडी केप, वाकणारी बोटं. मास्तरने खोकं फोडलं, सांध्यांना पैकीच्या पैकी दिले, केपवरून हात फिरवला आणि फिगर कॅमेऱ्यासमोर धरली. उजवा डोळा वर चढलेला. बुबुळातला उजेडाचा पांढरा ठिपका भलत्याच बाजूला. ओठांचा रंग कडेबाहेर.

मास्तरला हसू फुटलं.

"मंडळी, हे बघा. वादळवीर एका डोळ्याने शत्रूवर नजर ठेवतोय आणि दुसऱ्याने छताला जाळी लागलीय का ते बघतोय." मग त्याने बूट उलटा केला. "टेबल सतरा. या सतरावाल्याला माझा निरोप द्या. आमच्या दुकानात ये म्हणावं, चष्मा फुकट बनवून देतो. चेहऱ्याला दहापैकी दोन, तेही दोन डोळे आहेत म्हणून."

त्याच्या चॅनेलवर इतका कुठलाच व्हिडिओ चालला नव्हता. संग्राहकांमध्ये तर तो शब्दच होऊन बसला. कुणाचं काही बिघडलं की "सतरा झालंय" म्हणायचे. मास्तर चार दिवस हवेत होता.

मागच्या महिन्यात भर दुपारी वहिनी दुकानात आली. हातात दादाचा जुना चष्मा, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"भावोजी, ह्यांचा नंबर वाढलाय वाटतं. चहाचा कप ठेवतात तो टेबलाच्या कडेबाहेर. परवा दाराच्या चौकटीला धडकले. मोतीबिंदू असेल नाही तर."

"मग घेऊन यायचं ना दादाला," मास्तर चष्मा हातात घेत म्हणाला. "आणि कारखान्यात कसं चाललंय?"

"तुम्हाला बोलले नाहीत? पॅकिंगला टाकलंय त्यांना, वर्ष होत आलं. वयामुळे म्हणाले." तिने पिशवीतून कारखान्याचा एक कागद काढला. "डोळे तपासून घ्यायचं हे पत्रही तेव्हाच आलंय. जुन्या कोटाच्या खिशात ठेवलं होतं, धुवायला काढताना सापडलं."

कागदावर दादाचं पद होतं, हजेरी क्रमांक होता आणि त्याखाली लिहिलं होतं, टेबल सतरा.

"हे चुकलंय," मास्तर म्हणाला. "दादाचं टेबल बेचाळीस."

"ते जुनं हो. दीड वर्ष झालं बदलून. खिडकीजवळचं मागून घेतलं त्यांनीच. उजेड कमी पडतो म्हणत होते."

मास्तरच्या हातातला चष्मा काउंटरवर पडला. वहिनीला वाटलं निसटला. "असू दे, नाहीतरी मोडकाच आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने दादाला दुकानात आणून खुर्चीत बसवलं. व्हिडिओबद्दल दादा चकार शब्द बोलला नाही, याचीही बोलायची छाती झाली नाही. समोरच्या पाटीवरच्या ओळी दादाने वाचल्या, पण प्रत्येक ओळ अर्ध्यावर सोडली. उजवीकडची अक्षरं त्याच्या लेखी नव्हतीच. मास्तरने काच बदलली, पुन्हा बदलली, आणखी एकदा बदलली. काचेने होणारं हे काम नाही हे त्याला दुसऱ्याच काचेला कळलं होतं. पुढच्या काचा त्याने नुसत्या हाताला काहीतरी चाळा म्हणून बदलल्या. मग दादाला समोर बघायला सांगून त्याने बाजूने बोट हलवत आणलं. "दिसलं की सांग." बोट कानापासून गालापर्यंत आलं, गालापासून नाकापर्यंत आलं.

"हलवतोयस ना?" दादाने विचारलं.

डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काचबिंदू. उजवा डोळा संपला. डाव्यात कुलपाच्या भोकातून दिसावं इतकंच उरलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून टिकवायचं. टिकेलच असंही नाही. "दुखत नाही ना, म्हणून लोक उशिरा येतात," त्या म्हणाल्या. "वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं." मग मास्तरकडे वळल्या, "तुम्ही तर चष्म्याच्याच दुकानात आहात. घरातल्या कुणाच्या काहीच लक्षात आलं नाही?"

मास्तरच्या लक्षात आलं होतं. मिलिमीटरपर्यंत आलं होतं, आणि त्याने ते लाखो लोकांना दाखवून हसवलं होतं. असल्या माणसाला कुठल्या तोंडाने दुसऱ्याचे डोळे तपासायचे, हा प्रश्न त्याला इस्पितळातल्या बाकावर पडला तो अजून सुटलेला नाही.

व्हिडिओ त्याने त्याच संध्याकाळी काढून टाकला. काही उपयोग झाला नाही. लोकांनी तो कधीच उतरवून ठेवला होता.

शनिवारी दादाचा फोन आला. "उद्या ये. आणि तो वादळवीर घेऊन ये."

रविवारी सकाळी दीड वर्षाने मास्तर दादाच्या घरी गेला. स्वयंपाकघरात वहिनीचं काही चाललं होतं. दादा खिडकीशी खुर्ची ओढून बसला होता. मास्तर त्याच्या शेजारी स्टुलावर बसला आणि फिगर त्याच्या हातात दिली. दादाने ती डोळ्यांजवळ नेलीच नाही. अंगठ्याने कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, केपची घडी सरळ केली. मग बूट उलटा करून कोरलेल्या आकड्यावरून नख फिरवलं.

"सतरा," तो म्हणाला.

"दादा, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात बेचाळीसच..."

"डोळे कसे आलेत ते सांग."

"ठीक आहेत."

"बारक्या."

मास्तरने फिगरकडे बघितलं. "उजवा वर गेलाय."

"किती?"

"एक मिलिमीटर."

"आणि ठिपका?"

"उलट्या बाजूला."

दादाने मान डोलावली, पूर्वी डोकी ओळखल्यावर डोलवायचा तशीच. "बरोबर. मला तेव्हाच माहीत होतं ते. डावा डोळा रंगवायला घेतला की उजवा नाहीसा व्हायचा, उजव्यावर आलो की डावा. नुसत्या हाताच्या सवयीवर ओढत होतो."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? सुपरवायझरला सांगितलं असतं तर त्याच दिवशी टेबल गेलं असतं. हिला सांगितलं असतं तर हिने अन्नपाणी सोडलं असतं. डॉक्टरकडे जायची भीती वाटायची रे. म्हटलं, बारक्या आपला डोळ्यांतलाच माणूस आहे, तो नेईल हाताला धरून. पण तू येशील तर ना. फोन केला की तुझं शूटिंग. आणि फोनवर बोलायचं तर ही शेजारीच."

मास्तर नखाने स्टुलाची कड खरडत राहिला.

"मग हा लॉट आला," दादा म्हणाला. "तुला पाठवायचं खोकं आमच्याच हॉलमध्ये भरायचे. या नगाचा डोळा चुकलाय हे मला बोटालाही कळलं होतं. तो बाद करायच्या ट्रेमध्ये टाकायला हवा होता. नाही टाकला. तुझ्या खोक्यात ठेवला. मुद्दाम. म्हटलं, माझा हात बारक्या ओळखणारच. लहानपणापासून तेच तर शिकवलं. डोळा चुकलेला दिसला की समजून जाईल आणि धावत येईल."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. दादाने आवाज उतरवला.

"व्हिडिओ यायचा होता त्या दिवशी हिला म्हटलं, एक ताट जास्त मांड. मग मोबाइल अगदी नाकाशी धरून बघितलं तुला. तू सगळं बरोबर पकडलंस, हं. डोळा, ठिपका, ओठ. एक गोष्ट सुटली नाही. मला वाटलं, आता थांबेल. आता थांबेल." त्याने फिगर समोरच्या छोट्या टेबलावर उभी केली. "तू बूट उलटा केलास, आकडा वाचलास आणि पुढे बोलत गेलास. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सुपरवायझरने मोठ्या आवाजात लावला तो व्हिडिओ. सतरावाला कोण म्हणून विचारलं. मी उभा राहिलो."

हे सगळं तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या तर आणखी बरं झालं असतं. तो नुसता सांगत होता. मास्तरला ओरडून रडावंसं वाटलं, दादाच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि यातलं काहीही केलं तरी एकसुद्धा अक्षर आता दादाला जास्त दिसणार नाही हेही त्याला स्वच्छ कळत होतं. तो तोंडावर हात दाबून तसाच बसून राहिला. बसला होता तो दादाच्या उजव्या बाजूला.

आत ताटं मांडल्याचा आवाज झाला. दादाने मान वळवून त्याला शोधलं.

"बारक्या?" तो म्हणाला. "आहेस की गेलास?"

त्याने चाचपडत हात पुढे केला. तो मास्तरच्या खांद्याच्या वीतभर बाजूने गेला, टेबलावरच्या वादळवीराला लागला आणि वादळवीर आडवा झाला.