साडूच्या फ्रीजचं व्याज

माझ्या साडूचा मला अजूनही राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे झालं त्यात चूक माझी होती असं घरातले सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण राग काही कमी होत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सोयगावला बी-बियाणं आणि खताचं दुकान, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायची सवय. मी वाळूजच्या एका कंपनीत पार्ट तपासायचं काम करतो आणि बजाजनगरला दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. सासरी गेलं की चहाचा पहिला कप त्याला, पंख्याखालची खुर्ची त्याला. तो थोरला जावई, मी धाकटा. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं म्हटलं तर ती थाप होईल.

सगळ्यांत लहान मेहुणीचं लग्न ठरलं तेव्हा साडूनं जाहीर करून टाकलं, नवरीला फ्रीज आपल्याकडून. फ्रीज घ्यायला त्यानं मलाही सोबत नेलं. दुकानात कळलं की क्रेडिट कार्डावर घेतला तर तीन हजारांची सूट आहे. त्याच्याकडं कार्ड नव्हतं. माझ्याकडं होतं. कंपनीच्या गेटसमोर छत्री लावून बसलेल्या एकानं कधीतरी ते माझ्या गळ्यात मारलं होतं. साडू म्हणाला, पाव्हणं, तुमच्या कार्डावर घेऊ, पैसे मी महिन्याच्या महिन्याला पाठवत जाईन. मी हो म्हटलं. सूट वजा जाता फ्रीज चाळीस हजारांना पडला. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, याचे बारा हप्ते बांधून देऊ का, व्याज बरंच कमी बसेल, फक्त दोनशे रुपये फी भरावी लागेल. साडूनं मान हलवली. दोनशे रुपये फुकटचे कशाला घालवायचे, म्हणाला. मलाही ते पटलं. मोठी खरेदी करताना कुठंतरी दोन-चारशे वाचवले नाहीत तर आम्हा लोकांना आपण फसलो असंच वाटतं.

लग्नात आहेर माईकवरून पुकारले गेले. माझा मिक्सर सुरुवातीलाच, भांड्यांच्या गर्दीत येऊन गेला. मग 'सोयगावचे थोरले जावई यांच्याकडून डबल डोअर फ्रीज' असं दोनदा पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी साडूला विचारलं, कार्डावर घेतला म्हणं? तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "प्लॅस्टिक पाव्हण्यांचं, फ्रीज आपला."

सगळे हसले. सासरेसुद्धा हसले. माझी बायको पंगतीत वाढत होती. तिनं ते ऐकलं आणि मान खाली घालून पुढच्या ताटाकडं गेली. याला सोडायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं. पण ते कसं जमवायचं हे मला माहीत नव्हतं. ते पुढं बँकेच्या बिलानं शिकवलं.

बिलावर दोन आकडे यायचे. एक एकूण देय रक्कम, दुसरी किमान देय रक्कम. पहिल्या बिलात किमान रक्कम दोन हजार होती. मला वाटलं हाच हप्ता. मी तो आकडा साडूला मोबाईलवर पाठवला, संध्याकाळच्या आत त्याचे पैसे आले, मी बँकेत भरले. तीन महिने असंच चाललं. चौथं बिल आलं तेव्हा सहज मागचे कागद शेजारी ठेवून पाहिले. भरलेले जवळजवळ सहा हजार आणि बाकी उतरलेली जेमतेम तेराशेनं. मी मागचं बारीक अक्षरातलं पान वाचलं, बँकेला फोन लावला, आणि मग मला सगळं उमगलं. किमान रक्कम हा हप्ता नव्हताच. ती भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर पुन्हा अठरा टक्के कर. शिवाय जोवर जुनी बाकी पूर्ण फिटत नाही तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, म्हणजे माझ्या किराण्यावर आणि पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज. दिवसभर मायक्रोमीटर हातात धरणारा माणूस मी. त्याच कागदावर पेनानं हिशेब मांडला. असंच चाललं तर फ्रीज भंगारात जाईल, तरी पैसे फिटणार नव्हते.

सरळ माणूस असता तर त्यानं तेव्हाच साडूला फोन केला असता. मी नाही केला. मी माझा किराणा रोख घ्यायला लागलो, पेट्रोल रोख भरायला लागलो, आपली कातडी वाचवली आणि फ्रीज तेवढा कार्डावर राहू दिला. दर महिन्याला किमान रक्कम हात जोडलेल्या चिन्हासकट साडूला पाठवायची. त्याचं 'पाठवले' असं उत्तर आलं की मला दिवसभर गोड वाटायचं. माझ्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या माणसाला दर महिन्याला सोळाशेचा फटका बसत होता आणि त्याला पत्ताही नव्हता. एकदा तर मी मुद्दाम आठ दिवस उशिरा कळवलं. दंड लागला. तो पुढच्या आकड्यात मिसळून पाठवला, आणि त्यानं तोही निमूट भरला. त्या दिवशी मी कंपनीतून येताना अर्धा किलो जिलेबी आणली. बायकोनं विचारलं, कशाची? मी म्हटलं, सहज.

बायकोला पुंडलिकनगरला घर हवं होतं. सासू-सासरे तिथंच राहतात, सासूचे गुडघे गेलेत, आणि बजाजनगरहून रोज जाणं होत नाही. साड्यांना फॉल-पिको करून करून तिनं पैसे साठवले होते. आईच्या घरापासून दोन गल्ल्यांवर दुसऱ्या मजल्यावरचा एक जुना फ्लॅट मिळत होता. तिच्या पैशातून विसार दिला. मालकानं कर्ज मंजूर करून आणायला महिन्याची मुदत दिली.

बँकेतल्या साहेबानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. कार्डाची मर्यादा पंचेचाळीस हजार, चौदा महिने ते गळ्यापर्यंत भरलेलं, दर वेळी फक्त किमान रक्कम, आणि एकदा आठ दिवसांचा उशीर. असा माणूस आमच्या हिशेबात ओढाताणीत असतो, तो म्हणाला. मी सांगितलं, साहेब, फ्रीज माझा नाही, साडूचा आहे. त्यानं शांतपणे विचारलं की कार्डावर नाव कुणाचं आहे. मग म्हणाला, आधी हे सगळं फेडा, काही महिने जाऊ द्या, मग या. तोवर फ्लॅटचा मालक थांबणार नव्हता.

गाडीवर मागं बसलेल्या बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तुझ्या दाजीच्या फ्रीजनं आपलं घर घालवलं. आणि बोलताना मला ते पूर्ण खरं वाटत होतं.

अधिक महिना चालू होता. सासऱ्यांनी जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. मी चौदा महिन्यांचे कागद घडी करून खिशात घातले.

नळाला आठ दिवसांतून एकदा येणारं पाणी नेमकं त्याच दिवशी आलं होतं म्हणून सकाळी सगळ्यांची धावपळ झालेली. तरी सासूनं पुरणाचे धोंडे केले, पाट मांडले, ताटात दिवा लावून आम्हाला ओवाळलं. जावयानं अशा वेळी रुसायचं, काहीतरी मागायचं, सासूनं आणि मेहुण्यांनी समजूत काढायची आणि मग त्यानं घास घ्यायचा. लहान मेहुणीचा नवरा रुसला आणि चांदीची वाटी मिळवून हसला. मग मी म्हटलं, मीपण रुसलोय, थोरल्या जावयांनी हा कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय ताटाला हात लावणार नाही.

सगळ्यांना गंमत वाटली. साडूनं चष्मा लावला. सगळ्यांत वरच्या कागदावर मी एकूण भरलेली रक्कम लिहून ठेवली होती. त्यानं वाचलं, आजवर भरले सव्वीस हजार, बाकी चौतीस हजार. तो थांबला. काहीतरी चुकतंय, म्हणाला, चौदाच राहायला पाहिजेत. मग मी बोलायला लागलो. व्याज, व्याजावरचा कर, दंड, सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "दोनशे रुपये वाचवले ना तुम्ही? तुमच्यापायी आमचं घर गेलं." सासऱ्यांचा चेहरा उतरला. थोरलीचा वाढता हात थांबला. वर्षभर मी याच क्षणाची वाट पाहिली होती आणि मला अगदी थंडगार वाटलं.

साडू माझ्याशी वाद घालत बसला नाही. त्यानं खिशातून मोबाईल काढला, आमचे निरोप उघडले आणि माझ्या बायकोच्या हातात दिला.

"ताई, पाव्हण्यांनी जेवढं सांगितलं तेवढं टाकलं. एक दिवस उशीर केला नाय. जास्त सांगितलं असतं तर जास्त टाकलं असतं."

ती उभ्या उभ्या एकेक निरोप वाचत गेली. चौदा आकडे, चौदा वेळा माझे जोडलेले हात. एका तारखेवर तिचं बोट थांबलं. ती आठ दिवस उशिराची तारीख होती हे मला न बघताही कळलं.

"व्याज लागतंय हे तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

काल बँकेत, असं म्हणता आलं असतं. पण चौथ्या महिन्याचं बिल साडूच्या ताटाशेजारी उघडं पडलं होतं आणि त्यावर माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनानं सगळा हिशेब मांडलेला होता.

"चौथ्या महिन्यात," मी म्हणालो.

ती म्हणाली, घराची मुदत सोमवारी संपते. एवढंच म्हणाली. साडूनं चष्मा काढला आणि सासऱ्यांकडं बघून सांगितलं की चौदा हजार त्याचे, ते तो उद्या सकाळी पाठवतो, वरचं पाव्हण्यांनी बघावं. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही.

मी पाटावर तसाच बसून होतो. रुसलेला जावई मी, समजूत काढायला कुणीतरी येईल म्हणून थांबलो. सासू आत गेली. मेहुण्या उठल्या नाहीत. बायको आली, माझ्या पुढचं ताट उचललं, वर दुसरं ताट झाकून ओट्यावर ठेवलं, आणि तुपाची वाटी घेऊन साडूकडं वळली.

"दाजी," ती म्हणाली, "अजून एक धोंडा वाढू?"