आत्याच्या वाटणीचा गळा

आमच्या घरात तान्ह्या बाळाच्या स्वेटरचा गळा आत्याने घालायचा असतो. पाठ, पुढा, बाह्या आजीने आधी विणून ठेवायच्या. पण बाळ यायच्या आत कपडा पुरा करायचा नाही, म्हणून गळा उघडा ठेवायचा. बाळ सुखरूप आलं की आत्याने गळ्याभोवती टाके उचलायचे, पट्टी विणायची आणि बारशाला तो स्वेटर स्वतःच्या हाताने बाळाला घालायचा. भर मे महिन्यात, वाशीला, पंख्याखालीसुद्धा माणूस घामाने निथळत असताना स्वेटर कशाला, असं विचारायची सोय नव्हती. मी विचारलं आणि बोलणी खाल्ली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी कॉलेजात होते. वहिनीची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे तिचं पहिलं बाळंतपण आमच्याच घरी झालं. मुलगा झाला आणि मी आत्या झाले. इतका आनंद झाला, की जिन्यात भेटेल त्याच्या हातात मी पेढा कोंबत सुटले. वर आले तर आईने सुया आणि बिनगळ्याचा स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "घ्या आत्याबाई!"

मला सुलट-उलट येत होतं, तेवढंच. टाके उचलतात कसे, ते माहीत नव्हतं. "दाखव ना," म्हटलं, तर आई पदराने कपाळ पुसू लागली. मग हळूच म्हणाली, "मला कुठे येतं?" अख्ख्या नात्यागोत्याला स्वेटर पुरवणारी माझी आई! पण तिचंही खरं होतं. आमचे सगळ्यांचे गळे माझ्या आत्याने घातलेले. आईला भाऊच नव्हता, त्यामुळे तिच्यावर कधी ती वेळच आली नव्हती. आणि आत्या तर आता नागपूरला.

"मला येतं," आतून वहिनी म्हणाली.

वहिनीचं नि माझं तोवर बेताचंच बोलणं होतं. ती मला अदबीने "वन्सं" म्हणायची, मला उगाच साठ वर्षांची झाल्यासारखं वाटायचं. पण बारशाला गळा नसता तर नातेवाईकांत माझी जी शोभा झाली असती, ती मला सहन होणारी नव्हती. गेले मुकाट तिच्या खाटेशी.

कानाला रुमाल बांधलेली वहिनी बाळाला मांडीवर थोपटत सांगायची, "कडेच्या दोऱ्यात सुई खुपसू नका, वन्सं. आतल्या अख्ख्या टाक्यात घाला. आता लोकर सुईवरून घ्या, ओढा बाहेर. हां, हा झाला एक." मी घाई करायची. वळणावर भोकं पडायची. "उसवा," वहिनी शांतपणे म्हणायची. मी चिडून उसवायची, पुन्हा उचलायची. शेवटी एकदा मी लोकर अशी काही खेचली की ती ओरडलीच, "अगं वेडे, लोकर आहे ती, विहिरीचा दोर नाही!" आणि मग दोघी इतक्या हसलो की बाळ उठून रडायला लागलं. त्यानंतर तिने मला पुन्हा कधी वन्सं म्हटलं नाही.

गळा झाला, पण तो बाळाच्या डोक्यातून जाणार का? बारशापर्यंत बाळाला जुनीच झबली, नवं अंगाला लावायचं नाही. वहिनीने लोकरीच्या तुकड्याने बाळाच्या डोक्याचं माप घेतलं आणि माझ्या भावाला फळवाल्याच्या हातगाडीवर पिटाळलं. त्या मापाचं खरबूज घेऊन तो परत आला. आम्ही खरबुजाला स्वेटर घालू लागलो. अर्ध्यावर अडकलं! तेवढ्यात दारात आलेली कोळीणमावशी टोपली उतरवून म्हणाली, "गो बाय, यवऱ्या गर्मीन लोकर? पोराला शिजवाचा हाय का?"

"टाके बंद करताना हात आवळलास," वहिनी म्हणाली. "बंद करायला जाड सुई घे." रडकुंडीला येऊन मी पट्टीची शेवटची ओळ पुन्हा उसवली आणि जाड सुईने, जीव मुठीत धरून, सैलसर बंद केली. खरबूज गेलं. भावाने ते लगेच कापून खाल्लं.

बाराव्या दिवशी पाळण्याभोवती बायका दाटल्या होत्या. मी स्वेटर बाळाच्या डोक्यावर धरला. नाकाशी किंचित अडल्यासारखं झालं, आतून जोराचा टाहो आला. आणि मग लालबुंद, वैतागलेलं तोंड गळ्यातून बाहेर आलं. बायका हसायला लागल्या. मी तर नाचायचीच बाकी होते. मिनिटभराने वहिनीने स्वेटर काढून त्याला मलमलीचं झबलं घातलं.

पाहुणे पांगल्यावर आई तो स्वेटर घेऊन खिडकीशी बसली. चष्मा पुसून तिने गळ्याची पट्टी उजेडात धरली, उलटी केली, बोटाने चाचपली. भोक शोधत असेल, मला वाटलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"उद्या तू सासरी जाशील," ती पट्टीवरून नजर न काढता म्हणाली. "त्याच्या आत मला एवढं शिकवून ठेव."