रुंद टायर

गोंडपिपरीच्या टायरच्या दुकानात मी पंक्चर काढायला थांबलो होतो. माझ्या आधी आलेले एक गृहस्थ आपल्या छोट्याशा गाडीला जीपसारखे रुंद टायर मागत होते. बैलाची पाठ थोपटावी तसे ते निवडलेल्या टायरवर थापा मारत होते.

"सूरजागडच्या खाणीचे ट्रक बाजूनं गेले का माझी गाडी थरथरते, भाऊ. आता नाई हालणार."

दुकानदार म्हणाला, "पण इतकं रुंद चाक वळताना आत घासन ना."

"मले वळाचंच नाई. सासुरवाडीपर्यंत रस्ता एकदम सरळ आहे."

गाडीत बसलेल्या त्यांच्या बायकोनं काच खाली केली. "अन् वापस नाई यायचं काय?"

गृहस्थांनी गाडीभोवती एक फेरी घातली. मग दुकानदाराजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मधल्या मापाचे दाखव. थोडंसं वळता आलं पायजे."

हट्ट सोडतानाही माणूस आपला थोडा रुबाब राखतो, याची मला गंमत वाटली.

नवे टायर बसल्यावर त्यांनी दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत उगाच एक गोल चक्कर मारली. काहीच घासलं नाही.

"पाह्यलं?" ते बायकोला म्हणाले, "म्यानंच सांगतलं त्याले, मधले दे म्हणून."